फळीवर राहिलेले शर्ट

मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात आम्ही ज्या घरात राहत होतो, त्या घराच्या मालकीणबाई मूळच्या इंग्लंडमधल्या लिंकनशायर काउंटीच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी, ऐन विशीत, त्या बोटीने मेलबर्नला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा वारला होता. मुलगा पर्थला होता. तीन खोल्यांपैकी दोन त्या विद्यार्थ्यांना देत. एकीत मी होतो. दुसरीत अकाउंटिंगचं मास्टर्स करणारा सांगलीचा एक मुलगा होता. क्लेटनमधली सगळी मराठी मुलं त्याला सांगलीकर म्हणत. इथेही तेवढंच पुरे.

ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षं होती. युनिव्हर्सिटीच्या आसपासची घरं दर सेमिस्टरला नव्याने भरत. स्टेशनजवळच्या भारतीय ग्रोसरीच्या काचेवर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटलेल्या असत: रूम शेअरिंग, व्हेज, ट्रेनपासून चालत. काही घरांत गाद्यासुद्धा शिफ्टने वापरल्या जात. पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून आलेला झोपायला यायचा तेव्हा युनीला जाणारा उठायचा. त्या मानाने आम्ही चैनीत होतो. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मागे लिंबाचं झाड, आणि फोडणीच्या वासाबद्दल बाईंची एकच अट, खिडकी उघडी ठेवा.

बाईंची एक पद्धत मात्र आम्हाला खटकायची. घरात कोणावर काही प्रसंग आला तर त्या चौकशी करत नसत. काम देत. मी राहायला आलो त्या वर्षी साताऱ्याला माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. परीक्षा तोंडावर होती, जाता येण्यासारखं नव्हतं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभा होतो. बोलणं मराठीतून झालं होतं, तरी सूर त्यांना कळला असणार. त्यांनी रंगाचा डबा आणि ब्रश आणून माझ्या हातात दिला आणि मागचं कुंपण दाखवलं. शनिवार-रविवार ते काम चाललं. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाकडून त्या स्वतः रंगवत होत्या, एक शब्द न बोलता. सांगलीकराचं मत असं पडलं, की भाडं घेऊन वर मजुरी करून घेणारी मालकीण त्याने पहिल्यांदाच पाहिली. "माझा रिझल्ट लागायचाय अजून," तो म्हणाला. "नापास झालो तर छपरावर चढवतील मला."

वडील सावरले. कुंपणही चांगलं दिसू लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात बाईंचा आवाज बसला तो सुटेना. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. तीन आठवड्यांनी ऑपरेशन होतं. बाईंनी हे आम्हाला जेवणाच्या टेबलाशी सांगितलं, नळवाला कधी येणार आहे ते सांगावं तसं. त्यानंतर आपल्याला बोलता येणार नाही, तेव्हा घराबद्दल काही विचारायचं असेल तर आताच विचारून घ्या, असं त्या म्हणाल्या. सांगलीकराने बराच विचार करून, हीटर विझला तर पुन्हा कसा पेटवायचा ते विचारलं. बाईंनी उठून ते दाखवलं.

त्यांना एक भाऊ होता, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. तो अजून त्याच गावात राहत होता. त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्या भागातल्या एका ग्रंथालयाने युद्धकाळातल्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम काढलं होतं. सैन्यात गेलेल्यांच्या आठवणी, आणि मागे घरी राहिलेल्यांच्याही. देश सोडून गेलेल्यांनी कॅसेट पाठवली तरी चालणार होती. भावाने आधीच बहिणीचं नाव दिलं होतं. ऑपरेशनचं कळल्यावर त्याने फोन केला आणि आपलं स्वतःचं एक मागणं त्यात घातलं.

त्याचं मागणं असं होतं. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. तिचं काहीच त्याला आठवत नव्हतं. वडील सैन्यात होते, आधी वाळवंटात, मग इटलीत. परत आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. या दुसऱ्या आईने भावाला वाढवलं, आणि तीही आता हयात नव्हती. पहिली आई कशी होती हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं. ग्रंथालयाला काय सांगायचं ते सांग, भाऊ म्हणाला, पण मला आईबद्दल सांग, आणि तुझ्या आवाजात सांग.

मी पुण्यातल्या एका दैनिकात आधी बातमीदार आणि मग उपसंपादक होतो. येताना सामानात जुना कॅसेट रेकॉर्डर आला होता. त्याचा इथे काही उपयोग नव्हता, पण टाकवतही नव्हता. बाईंनी तो माझ्या कपाटावर पाहिला होता. "तू पेपरवाला ना," त्या म्हणाल्या. "मग तू विचार, मी सांगते."

दुपारचं लेक्चर संपवून मी आलो की आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. बाईंचा आवाज खरखरीत झाला होता आणि मध्येमध्ये पाणी प्यावं लागायचं, पण स्मरण स्वच्छ होतं. शाळेत गॅस मास्क घालून पाढे म्हणायचा सराव, रबराचा वास आणि काचेवर धरलेली वाफ. कांदा इतका दुर्मीळ, की गावात एका कांद्याची सोडत काढली होती. जिंकणाऱ्या बाईने तो आठवडाभर खिडकीत ठेवला. साखरेचं बीट खुरपणारे इटालियन युद्धकैदी, पाठीवर रंगीत गोल ठिगळ लावलेले. त्यांतला एक जण काड्यांच्या टोपल्या विणून मुलांना द्यायचा. बाईंचे वडील त्याच वेळी इटलीत लढत होते, आणि त्या विणलेल्या टोपलीतून ही मुलगी अंडी आणायची. याचं गावात कोणाला नवल वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या. शेतकामाला शहरातून आलेल्या मुली, बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला लंडनहून पाठवलेली पोरं, एका पलंगावर तिघं. हे सगळं मला हवं तसं मिळत होतं, तपशिलासकट.

गावाच्या कडेला बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. तिथे पोचलं की बाईंचं बोलणं बदलायचं. "ते ठिकाण." "काही विमानं." "ते लोक." गावाचं नावही त्यांनी पूर्ण कॅसेटमध्ये एकदाही घेतलं नव्हतं, हे मला मागाहून ऐकताना लक्षात आलं. आईबद्दल विचारलं की त्या म्हणत, ती काम करायची. सगळ्याच बायका करायच्या.

मी याचा अर्थ असा लावला, की एवढा भाग पुसला गेला आहे. पेपरात असं झालं की आम्ही संदर्भ विभागात जायचो. मी युनीच्या लायब्ररीत गेलो. त्या काउंटीतल्या विमानतळांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं, नकाशाची झेरॉक्स केली, आणि दुसऱ्या दिवशी तयारीने बसलो. तुमचा तळ यांतला कुठला? धावपट्टी गावाकडे होती की शेतांकडे? एका वेळी किती विमानं उडायची?

बाईंनी कप बाजूला सरकवला. "हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उघडलं नाही. आज पुरे, असं म्हणून त्या टोमॅटोंना पाणी घालायला गेल्या, तेही पाऊस येऊन गेला असताना.

सांगलीकर सुपरमार्केटमधून शिफ्ट करून आला तेव्हा मी त्याला हा प्रकार सांगितला. तो हसतच सुटला. "लेका, जरा आरशात बघ की. परदेशी माणूस. हातात मशीन. विमानतळ कुठे, विमानं किती विचारतोय. ती शाळेत असताना मास्तरांनी तुझ्यापासूनच सावध केलं असणार तिला."

ते खरं निघालं. पुढे बाईंनी स्वतःच सांगितलं. गावोगावच्या दिशादर्शक पाट्या उपटून ठेवल्या होत्या. अनोळखी माणसाने स्टेशनचा रस्ता विचारला तर माहीत नाही म्हणायचं, हे वर्गात घोकून घेतलं होतं. एक शिक्षिका परकी बनून विचारायच्या आणि मुलं एकेक करून माहीत नाही म्हणायची. पत्रात गावाचं नाव नाही, पावसाचा उल्लेख नाही, आकाशातल्या कशाचाही आकडा नाही. बाईंच्या घरी हा नियम इतरांपेक्षा कडक होता, आणि त्याचं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साठ वर्षांनंतर, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, जर्मनीशी वैर संपून दोन पिढ्या झाल्यावरही त्यांच्या तोंडून तळाचं नाव निघत नव्हतं. आणि मी ज्या धंद्यातून आलो होतो त्यात पहिले प्रश्न तेच असतात. कुठे, कधी, किती.

मी दुसरा उपाय केला. बातमीदार करतात तो. रेकॉर्डर बंद केला, पेन खिशात ठेवलं आणि म्हटलं, आता नुसतंच सांगा.  बाई म्हणाल्या, तसं केलं तर भावाला ते ऐकू कसं जाणार.  लिहून काढायचंही मी सुचवलं; भाऊ नाही तर दुसरं कोणी वाचून दाखवेल. म्हणूनच लिहायचं नाही, असं त्या म्हणाल्या. कागद कोणाच्याही हाती पडतो.

शेवटी एवढं ठरलं, की ग्रंथालयाची कॅसेट वेगळी आणि भावाची वेगळी. भावाची कॅसेट दुसरं कोणी ऐकणार नाही, मी ती शब्दांत उतरवणार नाही. बाई म्हणाल्या, बघू. ऑपरेशनला आठवडा उरला होता, आणि भावाच्या कॅसेटवर तोवर त्याच्या लहानपणीच्या पाळण्याचं वर्णन आणि एका मांजराची हकीकत एवढंच होतं.

त्या आठवड्यात सांगलीकराला सिटीतल्या एका अकाउंटिंग फर्मचा इंटरव्ह्यू आला. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करण्यापलीकडचं त्याचं ते पहिलंच बोलावणं. ग्रोसरीत भेटेल त्याला त्याचं ते सांगून झालं होतं. त्या दुपारी बाई आणि मी टेबलाशी बसलो होतो, भावाची कॅसेट घालून रेकॉर्डर चालू होता, पण विषय अजून कपड्यांच्या रेशनचाच होता. सांगलीकर बनियनवर लाउंजमध्ये आला, इस्त्रीचं टेबल उघडलं आणि एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाची पाठ घासायला लागला.

बाईंचं बोलणं थांबलं. त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"कॉलर आधी," त्या म्हणाल्या.

"हो हो, नो वरीज," सांगलीकर म्हणाला आणि पाठच घासत राहिला.

बाई उठल्या. त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली, शर्ट फिरवला, कॉलर उलटी करून पसरली. आधी आतली बाजू, मग बाहेरची. टोकापासून मधल्या शिवणीकडे, उलट कधी नाही, नाहीतर टोकाशी चुणी राहते. "आई असंच करायची," त्या म्हणाल्या. मी रेकॉर्डर उचलला आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आतली चाकं फिरत होती. बाईंनी ते पाहिलं. मी बंद करू का म्हणून खूण केली. "राहू दे," त्या म्हणाल्या.

यापुढचं त्यांनी शर्टाकडे पाहत सांगितलं, त्यांच्या भावाला उद्देशून. भावाने पुढे मला ते लिहायची परवानगी दिली, नावं वगळून. मी ते सलग देतो.

त्यांची आई तळावरच्या वैमानिकांचे शर्ट धुऊन इस्त्री करून द्यायची. तळाची स्वतःची लाँड्री होती, पण तिथून कॉलरी करपून यायच्या म्हणून ती वैमानिक मुलं गावातल्या बायकांकडे द्यायची. सोमवारी मोठ्या तांब्याच्या बंबात कपडे उकळायचे. मंगळवारी खळ. मग दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर घोंगडी अंथरून इस्त्री. लोखंडी इस्त्र्या दोन, एक हातात, एक चुलीवर. शर्टाच्या मानेत आतून नंबर लिहिलेला असायचा. घड्या करून, ब्राउन कागदात बांधून पुडकी चुलीशेजारच्या फळीवर नंबराने लावली जायची. शुक्रवारी मुलं सायकलवर यायची, धुतलेले न्यायची, मळलेले टाकायची. बाईंना तेव्हा दहावं वर्ष होतं. पुडकी फळीवरून काढून देणं हे त्यांचं काम.

एका विमानात सात जण असायचे. काही शुक्रवारी फळीवर पुडकी उरायची.

तळावरून कोणी काही सांगायच्या आधी हे त्या स्वयंपाकघरात कळायचं. म्हणून आईचा नियम कडक होता. फळीवर काय आहे ते या घराबाहेर जायचं नाही. शाळेत नाही, चर्चमध्ये नाही, कोणी गोळी-बिस्किट दिलं तरी नाही. उरलेली पुडकी आई हलवत नसे. चार-पाच दिवसांनी तळावरचा एक कॉर्पोरल सायकलवर यायचा, नंबर वाचायचा आणि ती घेऊन जायचा. तोवर ती आपल्या जागी असायची. नवी पुडकी त्यांच्या बाजूने लागायची.

गावच्या पोस्टात काम करणारी एक मुलगी होती, विशीतली. तिचं त्या तळावरच्या एका मुलाशी लग्न ठरलं होतं, पण दोघांनी ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंना ते शर्टांमुळे ठाऊक होतं. त्याचं पुडकं कधीकधी तीच न्यायला यायची. माणूस बेपत्ता झाला की तार त्याच्या आईवडिलांना जाते. त्या मुलाचे आईवडील देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. ही दिवसभर तारा घेणारी मुलगी, आणि तिला हवी ती तार तिच्या पोस्टात येणारच नव्हती. कळण्याची तिला एकच जागा होती.

शुक्रवार उलटून गेल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. त्याने शर्ट नेले का, एवढंच तिने विचारलं. फळीवर सात पुडकी होती.

इथे बाईंच्या आईने जे म्हटलं, ते बाईंनी तिच्याच शब्दांत म्हणून दाखवलं. त्या भागात समोरच्याला मायेने बदक म्हणतात. मराठीत ते तसंच ठेवलं तर हसू येईल. आशय असा.

"बस गं बाई इथं. कॉलरी राहिल्यात अजून करायच्या."

एरवी बाई साध्या ऑस्ट्रेलियन ढंगात बोलत. हे वाक्य त्यांनी वेगळ्याच उच्चारात म्हटलं, स्वर लांबवून, शेवट खाली सोडून. आवाज खरखरीत होता, तरी तो त्यांचा नव्हता. सांगलीकर माझ्याकडे बघायला लागला. त्याने नंतर मला विचारलं, "ते मधेच कोण बोललं रे? एकदम आमच्या तिकडची मावशीच."

मुलगी बसली. आईने तिची खुर्ची अशी लावली, की फळी तिच्या पाठीशी आली. बाई समोर बसल्या होत्या, फळी त्यांच्या डोळ्यांसमोर. त्या काळी कॉलर शर्टापासून सुटी असायची; आईने ढिगातून कॉलरी निवडून त्या मुलीपुढे ठेवल्या. दुसऱ्या नंबरांच्या. भाऊ टेबलाखाली कोळशाच्या रिकाम्या बादलीशी खेळत होता.  थंड झालेली इस्त्री चुलीवर जायची, तापलेली हातात यायची. सगळ्या कॉलरी संपेपर्यंत हे चाललं. मग मुलगी उठली. उठल्यावर तिने दोन गोष्टी केल्या, बाई म्हणाल्या. टेबलाखालच्या बाळाला उचलून कडेवर घेतलं, आणि वळून फळीकडे पाहिलं. मग कोट चढवला. उद्या येऊ का, असं तिने विचारलं. आई म्हणाली, ये.

ती दुसऱ्या दिवशी आली. त्यानंतरही आली. कॉर्पोरल आला तेव्हा ती तिथेच होती. त्याने नंबर वाचले, बाईंनी पुडकी काढून दिली, आणि त्यातल्या एका पुडक्याची सैल झालेली सुतळी तिने पुन्हा बांधली.

त्या हिवाळ्याच्या शेवटी आईला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. वडील इटलीत होते. दोन मुलांना वेगवेगळ्या नातेवाइकांकडे पाठवायचं चाललं होतं. ही मुलगी पोस्टातून सुटल्यावर आपली बॅग घेऊन आली आणि त्या घरात राहिली. गावात लोक काय काय बोलले. लढाई संपली, वडील परत आले, वर्षभराने त्यांनी तिच्याशी लग्न केलं. भाऊ जिला आई म्हणत मोठा झाला, ती हीच. त्या वैमानिकाचं नाव तिने पुढे कधी काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही. घराचा नियम होता, आणि नियम करणारी निघून गेली म्हणून तो मोडायचा नसतो असं त्यांना वाटलं होतं.

शर्ट केव्हाच झाला होता. बाई तो हातात धरून उभ्या होत्या. सांगलीकर बनियनवर तसाच थांबला होता, आणि त्याची ट्रेन जायची वेळ झाली होती. शेवटी बाईंनीच त्याला शर्ट घातला, बटण लावून कॉलर बसवली आणि दाराकडे ढकललं. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे मिळाली, आणि आज तो सिडनीत कॅसल हिलला स्वतःच्या घरात राहतो.

तो गेल्यावर बाई कट्ट्यापाशी आल्या आणि रेकॉर्डरकडे वाकून, पहिल्यांदाच सरळ त्यात बोलल्या.

"आई कशी होती विचारलंस. अशी होती. आणि जिने तुला वाढवलं ती त्या दुपारी आपल्याकडे आली. तिला मी कधी थँक्यू म्हटलं नाही. ते म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आता तू जाशील तिच्या कबरीकडे, तेव्हा माझ्याकडून म्हण."

मग त्यांनी स्वतः बटण दाबलं.

कुंपणाचं मला तेव्हा उमगलं.  घोट घोट पाणी पिऊन बाई दमून बसल्या होत्या. मी इस्त्रीचं टेबल घडी करून ठेवलं आणि चहा केला. मी आता सिडनीत केलीव्हिलला राहतो. माझ्या मुलांना मी वाईट बातमीच्या वेळी काय झालं म्हणून लगेच विचारत नाही. हातात काहीतरी देतो. ती इंग्रजीत कुरकुरतात. एवढं बाईंकडून आलेलं माझ्याकडे आहे, आणि ते कमी नाही.

दोन्ही कॅसेट पोस्टाने गेल्या. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. बाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यावर पट्टी होती आणि कमरेला दोरीने एक लहान पाटी. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीवर लिहून आमच्याकडून किचनची सफाई करून घेतली.

महिन्याभराने संध्याकाळी फोन वाजला. मी घेतला. भाऊ होता. बहीण ऐकतेय का, असं त्याने विचारलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाईंना हाक मारली. त्या येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. सांगलीकराने टीव्हीचा आवाज बंद केला.

भावाने सांगितलं, की कॅसेट त्याने ऐकली. एकट्याने. आईचं ते एक वाक्य त्याने मागे नेऊन नेऊन पुन्हा ऐकलं. बहिणीचा आवाज त्याला ओळखीचा होता, त्या वाक्यातला आवाज तिचा नव्हता. आणि कुणाचा आहे हे तिने सांगितलं नसतं तरी कळलं असतं, असं तो म्हणाला. दुसऱ्या आईच्या कबरीपाशी जाऊन आला. सांगितलेलं म्हणून आला, मोठ्याने म्हटलं, बाजूला एक जण गवत कापत होता तरी.

मग तो म्हणाला, की एक गोष्ट कॅसेटमध्ये नाही. तुला बोलता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी असं विचारतो की ठोकून सांगता येईल.

"तिने मला कडेवर घेतलं. ते फळी बघायच्या आधी, की नंतर? आधी असेल तर एकदा. नंतर असेल तर दोनदा."

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. घटनाक्रम ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट, आणि मी ती सोडली होती. मी बाईंकडे पाहिलं. त्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या होत्या. त्यांना आठवावं लागलं नाही असं दिसलं. त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकलं.

 लाइन तुटली की काय म्हणून मी पुढे झालो. मग भावाचा आवाज आला.

"म्हणजे मी तिच्या उपयोगी पडलो त्या दिवशी," तो म्हणाला. "बरं झालं."